सत्तेचाळीस नंबरची अपेक्षा

पालम
१८ नोव्हेंबर २०२५

नागसेनदादा,

जयभीम. खुशाली विचारत नाही आणि सांगतही नाही. फोन बंद ठेवलाय. चालू केला की कोणीतरी मेळाव्याची ती क्लिप पाठवतं आणि खाली हसणारी तोंडं टाकतं. तुझा नंबर तर मी ब्लॉकच केलाय. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, लगेच मोठ्या भावाचा आवाज काढतोस. कागदावर तुला मला तोडता येणार नाही, म्हणून पत्र.

तुझ्या प्रोग्रामनं माझी इज्जत घालवली. माझी गेली तर गेली, शुभदाचीही घालवली.

तुला रजा मिळाली नाही, तू पुण्यात बसून राहिलास, तर काय झालं ते ऐक. रविवारी परभणीला आपल्या समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता. दरवर्षी पडद्यावर नुसती नावं यायची. यंदा भगवानराव गुरुजी म्हणले, सिद्धोधन, फोटो, शिक्षण, अपेक्षा, सगळं पडद्यावर आलं पाहिजे, तू कॉम्प्युटरवाला आहेस. कॉलेज सोडल्यापासून मला कोणी कॉम्प्युटरवाला म्हणलं नव्हतं. मी पंधरा दिवस जीव लावून पायथन भाषेत प्रोग्राम लिहिला. नाव, शिक्षण, फोटो मी स्वतः भरले. अपेक्षा मात्र लोकांनी लांबलचक लिहिलेल्या, आणि समितीच्या टायपिस्टनं त्या जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या. तो फॉन्ट आजच्या मशीनला कळत नाही. तो वाचून सरळ मराठीत करून देणारा प्रोग्राम तूच पाच वर्षांपूर्वी सी भाषेत लिहिला होतास, आणि मला म्हणाला होतास, डोळे मिटून वापर. मी डोळे मिटून वापरला.

एकशे चाळीस जण होते. पडद्यावर पंचेचाळीस जणांच्या पाट्या बिनचूक गेल्या. सेहेचाळीस नंबर किशनराव, वय चव्वेचाळीस, पहिली बायको वारलेली. गुरुजी माईकवर होते, पडद्यावर येईल ते वाचत होते. त्यांनी त्याची अपेक्षा वाचली: मुलगी उजळ असावी, चष्मा नसावा, लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल. लोक जरा खुसखुसले. मग सत्तेचाळीस. शुभदा.

गुरुजींचीच मुलगी. दहावीपर्यंत माझ्या वर्गात होती, आता वालूरच्या शाळेत गणित शिकवते, आणि तिच्यापायी माझं काय झालंय ते तुला मी सांगायची गरज नाही. ती स्टेजवर आली. फोटो बरोबर, नाव बरोबर, शिक्षण बरोबर. आणि अपेक्षेच्या जागी पुन्हा किशनराव. गुरुजी सकाळपासून वाचायच्या तंद्रीत. त्यांनी आपल्या पोरीसमोर, तिच्याच नावाखालचं, माईकवर वाचलं. "मुलगी उजळ असावी. चष्मा नसावा." तिसऱ्या वाक्याला ते थांबले. चारशे माणूस हसलं. मागून कोणीतरी ओरडलं, "सेहेचाळीस-सत्तेचाळीस, जमलं बघा!" शुभदानं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि पायऱ्या उतरून गेली.

बाहेर गेटपाशी मी तिला गाठलं. तिनं मला एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं, ती बसमध्ये बसली. प्रश्न काय होता ते सोड.

आता अख्खं पालम म्हणायलंय की मी मुद्दाम केलं. पोरगी मिळंना म्हणून सूड घेतला म्हणे. ऑनलाइन फॉर्म भरायला दुकानात येणारे लोकसुद्धा आधी माझ्या तोंडाकडं बघतात आणि मग आधार कार्ड काढतात.

मला एकच पाहिजे. एका कागदावर लिही, की चूक माझ्या सी प्रोग्रामची आहे, सिद्धोधनची नाही. खाली सही कर, कंपनीचं नाव टाक. तो कागद घेऊन मी वालूरला जाईन. तिला मी एवढंच पटवून देणार की मी हे केलेलं नाही. बाकी तिनं मला आयुष्यभर तोंड दाखवलं नाही तरी चालेल. चालणार नाही, पण तो माझा प्रश्न आहे.

भाऊ म्हणवून घ्यायची सध्या लाज वाटणारा,
सिद्धोधन


पुणे
२४ नोव्हेंबर २०२५

सिद्ध्या,

जयभीम. भाऊ म्हणायची लाज वाटत असेल तर म्हणू नको. कोड लिहिताना थोडी लाज ठेवली असतीस तर बरं झालं असतं.

तो प्रोग्राम पाच वर्षं चाललाय. तीन जिल्ह्यांतल्या समित्या वापरतात. आणि तू मला कंपनीचं नाव टाकून कबुलीजबाब लिहून मागतोस, जसा काही मी तुझ्या दुकानात फॉर्म भरायला आलोय.

जरा डोकं शांत करून ऐक. सी आणि पायथन या दोन घरांचे रिवाज वेगळे आहेत. सी मध्ये मजकूर म्हणजे मेमरीतल्या एका पत्त्यापासून लागलेली बाइटांची, म्हणजे साध्या आकड्यांची, रांग. शून्य दिसलं की मजकूर संपला, एवढाच त्याचा हिशोब. रांग किती लांब आहे, ती जागा कोणाची आहे, उद्या तिथं काय असेल, हे सी सांगत नाही. पायथनमध्ये मजकूर म्हणजे बंद पेटी, लांबी वर लिहिलेली, आतलं कोणी बदलू शकत नाही. तू पायथनच्या घरात वाढलास. तिथं सगळं तुझ्यामागं कोणीतरी आवरतं. सी च्या दारात आल्यावरही तू तसाच वागला असशील. दोन भाषांच्या मधल्या उंबऱ्यावरच लोक आपटतात. मी आपटलोय, म्हणून सांगतोय.

आणि मला एक कळत नाही. माझा प्रोग्राम खराब असता तर एकशे चाळीसच्या एकशे चाळीस पाट्या बिघडल्या असत्या. एकशे एकोणचाळीस बरोबर आल्या. एकच बिघडली. आणि ती नेमकी शुभदाची. हे मला विचित्र वाटतं. पालमच्या लोकांनाही वाटत असेल तर त्यांचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही.

तुझा पूर्ण कोड आणि मेळाव्याच्या दिवशीची लॉगची फाइल पेनड्राइव्हवर टाकून पाठव. बघितल्याशिवाय मी कशावरही सही करत नसतो.

जाता जाता. सुलामावशीचा, तुझ्या आईचा, फोन आला होता. वैशाख पौर्णिमेला गुरुजींकडून खिरीचा डबा आला, त्यावर 'शुभदा' असं कोरलंय, आणि तो डबा तू सहा महिने स्वतःच्या टेबलावर ठेवून घेतलायस म्हणे. मावशी म्हणाली, "कोणाचं भांडं मोकळं पाठवू न्हाई म्हणून मी काही भरून देते, तर ह्यो उठतच न्हाई. लोकाच्या नावाचा डबा घरात दिसला की मलाच कसंतरी होतंय." तिला किती दिवस कसंतरी करत ठेवणार आहेस?

नागसेन


पालम
२९ नोव्हेंबर २०२५

नागसेनदादा,

डब्याचा इथं काही संबंध नाही. आईनं तुला काय सांगितलं ते तिचं तिला माहीत. मी तुला प्रोग्रामचं विचारलं, तू मला भांड्याचं सांगतोस.

आणि मला उंबरा शिकवू नको. तुझी पदवी झाली, माझी झाली नाही, एवढाच फरक आहे आपल्यात, आणि तो तू प्रत्येक वाक्यात दाखवतोस. कोणी शिकवलं होतं रे तुला पायथन? लॉकडाउनमध्ये पालमच्या ओट्यावर बसून कोणी शिकवलं? मी. तेव्हा मी पहिल्या वर्षाला होतो. पुढं तिसऱ्या वर्षाला त्या सरांनी भर वर्गात विचारलं, हा प्रोजेक्ट कोणाचा उतरवलास. मी उतरवला नव्हता. रात्रंदिवस एक करून लिहिला होता. मी जर्नल टेबलावर आपटलं आणि बाहेर पडलो. अडीच वर्षं झाली. तुझ्यासारखा मी "सर, माफ करा, सर" करत उभा राहिलो नाही. त्याचा मला पस्तावा नाही.

इकडं काय चाललंय ते ऐक म्हणजे तुझी चेष्टा जिरेल. त्या किशनरावाला वाटलं, पडद्यावर दोघांचं सारखं आलं म्हणजे योगच आहे. रविवारी तो दोन पाहुण्यांना घेऊन वालूरला गेला. थेट तिच्या खोलीवर. गुरुजींना विचारून गेला म्हणतात. गुरुजींनी हो म्हणलं का नाही ते कळलं नाही, पण मेळाव्यापासून त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलंय, समितीचा राजीनामा दिलाय. तो माणूस बत्तीस वर्षं शाळेत मुलांना मोठ्यानं वाचायला शिकवायचा. आता पेपरसुद्धा मनात वाचतो म्हणे.

हे सगळं एका प्रोग्रामनं केलंय आणि तो तुझा आहे. पेनड्राइव्ह पाठवतोय, बघ आणि सही कर. माझ्या कोडमध्ये काही नाही. एक ते एकशे चाळीस, एकामागून एक माग, मिळालं की दाखव. शाळेतल्या पोराला कळेल इतकं सरळ आहे.

सिद्धोधन


पुणे
६ डिसेंबर २०२५

सिद्धोधन,

आजच्या दिवशी रागावून पत्र लिहायचं नव्हतं. सकाळी विहारात जाऊन आलो, मेणबत्ती लावली, घरी येऊन तुझा पेनड्राइव्ह उघडला आणि राग आलाच.

तू मला धुतलेला कोड पाठवलास.

तुला माहीत नसेल, पण माझा प्रोग्राम त्याच्याकडं आलेली प्रत्येक मागणी लिहून ठेवतो. वेळेसकट. ती नोंद तू पाठवलेल्या लॉगमध्ये तशीच आहे. पुसायची तुला आठवण झाली नाही. मेळावा अकराला सुरू झाला. तुझ्या प्रोग्रामनं माझ्याकडं पहिली मागणी केली ती नऊ वाजून बारा मिनिटांनी, आणि ती एक नंबरची नाही. सत्तेचाळीसची. मग अकरानंतर एक, दोन, तीन, असं ओळीनं सेहेचाळीसपर्यंत. आणि सेहेचाळीसनंतर थेट अठ्ठेचाळीस. सत्तेचाळीस तिथं मागितलेलीच नाही.

तू पाठवलेला कोड असं करू शकत नाही. म्हणजे त्या दिवशी चाललेला कोड दुसरा होता आणि त्यात सत्तेचाळीससाठी काहीतरी खास होतं. ते तू काढून टाकलंस आणि मला म्हणालास, शाळेतल्या पोराला कळेल इतकं सरळ आहे.

काय झालं ते मी तुला सांगतो, कारण आता मला सगळं दिसायलंय. डब्याचा संबंध नाही म्हणालास. डब्याचाच संबंध आहे.

माझ्या सी प्रोग्राममध्ये अपेक्षा ठेवायला एकच डबा आहे. तू सत्तेचाळीस मागितलीस, मी त्या डब्यात भरली आणि तुला सांगितलं, अमुक जागी डबा आहे, घे. रिवाज असा, की आतलं लगेच आपल्या भांड्यात काढून घ्यायचं आणि डबा ज्याच्या नावाचा त्याच्याकडं जाऊ द्यायचा. पायथनमध्ये एका ओळीचं काम होतं: तो मजकूर उचलून पायथनच्या पेटीत टाकायचा. तू काढून घेतलं नाहीस. तू डब्याची जागा लिहून ठेवलीस आणि निवांत झालास, की शुभदाचं माझ्याजवळ आहे. तोवर मी त्याच डब्यात एक नंबर भरली, दोन भरली, शेवटी किशनरावाची भरली. सत्तेचाळीसची पाळी आली तेव्हा तू झाकण उघडलंस. त्यात किशनराव होता. दुसरं काय असणार?

बाकीच्यांचं तू मागितलंस आणि लगेच दाखवलंस, म्हणून ते वाचले. जिचं जपून ठेवलंस तिचंच बिघडलं.

आता माझ्याकडचं. एकच डबा सगळ्यांसाठी वापरतोय हे मी कुठंही लिहून ठेवलं नव्हतं. तुला डोळे मिटून वापर म्हणालो. ते बोलायला नको होतं. तेवढी चूक माझी, ती मी नाकारत नाही. पण मी खोटं बोललो नाही. तू बोललास, आणि माझ्याशी बोललास.

नऊ बाराला तू काय वाचलंस ते मला सांग. आणि गेटपाशी तिनं काय विचारलं तेही.

नागसेन


पालम
१० डिसेंबर २०२५

नागसेनदादा,

घे. सगळं घे. एकदाच लिहितो, परत विचारू नको.

तिच्या पाटीला मी वेगळी चौकट केली होती. जांभळी. अक्षरं जरा मोठी. तिचं नाव लागल्यावर पडदा एक क्षणही अडखळायला नको म्हणून अपेक्षा आधीच काढून ठेवली. हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण हे, की चारशे माणसांच्या आधी मला वाचायची होती. तिला कसा नवरा पाहिजे ते मला हॉलमध्ये खुर्चीत बसून, लोकांच्या गर्दीत, ऐकायचं नव्हतं.

म्हणून नऊ बाराला कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत छापून बघितली. एका ओळीत चोवीस अक्षरं, तीन ओळी, बहात्तर अक्षरं लय झाली म्हणून तेवढीच मागितली. आलं ते असं:

"शिक्षण अर्धवट सोडलेला नको."

आणि पुढं एक काळा चौकोन, आत प्रश्नचिन्ह. तुझ्या प्रोग्रामचा कचरा.

एवढंच होतं. पालममध्ये शिक्षण अर्धवट सोडलेले पन्नास असतील, पण ती कोणाला म्हणाली ते मला कळलं. नऊ बारापासून अकरापर्यंत मी त्या हॉलमध्ये वायरी ओढत होतो आणि मनातल्या मनात तिला शिव्या घालत होतो. जांभळी चौकट काढून टाकावी असं दहा वेळा वाटलं. काढली नाही. तिच्या बापाच्या तोंडून ते वाक्य माझ्या डोक्यात पडणार होतं आणि मी ते माझ्याच हातानं जांभळ्या चौकटीत दाखवणार होतो. आणि पाळी आली तेव्हा आला किशनराव.

दादा, लोक हसले तेव्हा अर्धा क्षण मला बरं वाटलं होतं. लिहिलं एकदाचं. तिनं चष्मा काढून पुसला तेव्हा ते बरं वाटणं मलाच टोचलं, ते अजून टोचतंय. मी काही बदललं नव्हतं. पण मला बरं वाटलं होतं. मग मी मुद्दाम केलं नाही असं कोणत्या तोंडानं म्हणू? म्हणून तुझ्या सहीचा कागद पाहिजे होता.

गेटपाशी तिनं विचारलं, "तू आधी वाचलं होतंस का?"

मी म्हणलं, "नाही."

बस. कॉम्प्युटर विकून टाकावा म्हणतोय. तुझ्या त्या सी ला मी परत हात लावणार नाही. तिचा डबा अजून टेबलावर आहे, त्यात मी पेनड्राइव्ह आणि स्क्रू ठेवतो. आईनं काल तो रिकामा करून घासून उलटा ठेवला. मी परत स्क्रू भरले.

सिद्धोधन


पुणे
१५ डिसेंबर २०२५

सिद्ध्या,

आधी कॉम्प्युटरचं, मग तुझं.

तो काळा चौकोन कचरा नव्हता. माझा तर नव्हताच. तू बहात्तर अक्षरं मागितली नाहीस, बहात्तर बाइट मागितलेस. सी ला अक्षर कळत नाही, त्याला बाइट कळतो. इंग्रजीत एका अक्षराला एक लागतो म्हणून तिथं हे खपून जातं. आपल्या लिपीत एकेकाला तीन लागतात, काना-मात्रासुद्धा वेगळी मोजली जाते. तुझ्या त्या वाक्याचे मी बोटावर मोजले. पूर्णविरामासकट सत्तर. एक मोकळी जागा, एकाहत्तर. बहात्तरावा बाइट पुढच्या अक्षराचा पहिला तुकडा. तुझी सुरी त्या अक्षराच्या मधून गेली. तुकडा वाचता येईना म्हणून पायथननं तिथं काळा चौकोन टाकला.

म्हणजे तिथं अक्षर होतं, सिद्ध्या. मजकूर पुढं होता. तू पहिलं वाक्य वाचलंस आणि तेवढ्यावर दोन तास शिव्या दिल्यास.

पुढं काय होतं ते मला माहीत नाही. जुन्या फॉन्टातली फाइल तुझ्या पेनड्राइव्हवरच आलीय, दोन मिनिटांत उघडेल. मी उघडलेली नाही आणि उघडणार नाही. तुझ्याकडंही आहे. तू उघडलीस तर माझ्याशी बोलू नको. एकदा न विचारता वाचून काय झालं ते बघितलंस. आता जिचं आहे तिला विचार.

मी माझा प्रोग्राम दुरुस्त केला. आता प्रत्येक मागणीला नवा डबा, त्यावर लांबी लिहिलेली. काम झालं की डबा माझ्याकडंच परत द्यायचा, मीच तो विसळणार, पायथननं त्याला हात लावायचा नाही. हे सगळं पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय. पाच वर्षं उशीर झाला.

तुला पाहिजे होता तो सहीचा कागद सोबत आहे. त्यात फक्त माझी चूक आहे. तुझी तू लिही.

आणि स्क्रू काढ त्यातले.

नागसेन


पालम
१८ डिसेंबर २०२५

शुभदा,

जयभीम. तू मला सगळीकडून ब्लॉक केलंयस, ते बरोबर केलंस. पहिलं पत्र डब्यात ठेवून वालूरच्या बसच्या कंडक्टरकडं दिलं होतं, पण बस सुटायच्या आत परत काढून घेतलं आणि हे नव्यानं लिहितोय. लोकांच्या हातून पाठवायची मला लय सवय लागलीय. मी स्वतः येऊन तुझ्या शाळेच्या शिपायाजवळ डबा ठेवून जाईन. तुला भेटायला थांबणार नाही. भिऊ नको.

गेटपाशी मी खोटं बोललो. मी वाचलं होतं. सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी, तुला न विचारता. "शिक्षण अर्धवट सोडलेला नको" एवढं वाचलं.

त्यानंतर पडद्यावर जे झालं ते मी ठरवून केलं नाही. पण ते माझ्यामुळंच झालं. सगळ्यांच्या अपेक्षा मी पाळीप्रमाणे मागितल्या, तुझी आधी मागून धरून ठेवली, तुझ्यासाठी वेगळी चौकट करायची म्हणून. धरून ठेवली ती जागा होती, तुझे शब्द नव्हते. शब्द तिथून केव्हाच गेले होते. तुझ्या पाळीला त्या जागेत दुसऱ्याचे होते. पूर्ण सांगायचं तर दोन भाषांची गोष्ट सांगावी लागेल आणि मला आता तिच्यामागं लपायचं नाही. नागसेनदादानं त्याची चूक लिहून सही करून दिलीय. तो कागद मी जोडत नाही. तो घेऊन तुझ्याकडं यायचं ठरवलं होतं, पण त्यावर माझ्या चुकीचं काही नाही.

लोक हसले तेव्हा अर्धा क्षण मला बरं वाटलं. हे न सांगता माफी मागितली तर तीही अर्धवट होईल.

मला राग आला होता आणि अजून आहे. आधी तुझ्यावर होता, मग दादावर. आता तो कुठं ठेवू ते कळंना झालंय.

गुरुजींना मी काल भेटलो. त्यांनी दार उघडलं, ऐकून घेतलं. मी निघताना म्हणले, "बाळा, वाचणाऱ्यानं आधी डोळ्यानं वाचावं, मग तोंडानं. चूक माझी बी हाय." मला ते ऐकवलं नाही. त्यांनी मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

डबा सात महिने ठेवला, त्याचीही माफी. आईनं त्यात जवसाची चटणी भरलीय.

दादा म्हणतो, तुझ्या वाक्याच्या पुढं आणखी काही होतं. मी फाइल उघडलेली नाही. सांगावं वाटलं तर सांग.

सिद्धोधन


वालूर
२६ डिसेंबर २०२५

सिद्धोधन,

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. तिन्ही वेळा राग आला, दर वेळी वेगळ्या ओळीवर.

हॉल हसला त्याचा राग आता कमी आहे. माझे विद्यार्थी माझ्या चष्म्याला याहून वाईट नावं ठेवतात. किशनरावांचं म्हणशील तर ते आले, मी चहा दिला, आणि विचारलं की चष्म्याशिवाय मला तुमचा चेहरा दिसत नाही, मग होकार कोणाला देऊ? ते चहा संपवून गेले.

पहिला राग जांभळ्या चौकटीचा. ती तुला कोणी मागितली होती? मी एकशे चाळिसांतली एक म्हणून तिथं उभी राहणार होते. तू मला न विचारता रांगेतून बाहेर काढलंस, आणि रांगेतून बाहेर काढल्यामुळेच माझं बोलणं हरवलं. इतकं शिकूनही तुला हे नागसेनदादांनी सांगावं लागलं; मी त्यांना फोन करून सगळं विचारून घेतलं.

दुसरा राग गेटपाशी तू दिलेल्या उत्तराचा. मी विचारलं ते तुला पकडायला विचारलं नव्हतं. तू हो म्हणाला असतास तर उरलेलं मी तिथंच सांगितलं असतं. मला वाटलं, यानं सगळं वाचलं, आणि वाचूनही हे केलं, आणि वर नाही म्हणतो. त्या एका 'नाही'मुळं मी बसमध्ये पालम येईपर्यंत रडले. यापुढं माझ्याशी खोटं बोललास तर ते शेवटचं बोलणं.

आता उरलेलं. फॉर्म बाबांनी भरला होता. अपेक्षेचा रकाना मात्र मी हट्टानं माझ्याकडं घेतला. पडदा तू करणार आहेस, बाबा माईकवर असणार आहेत, हे मला माहीत होतं. जे मला तुझ्या तोंडावर सांगता येत नव्हतं आणि बाबांना घरात सांगता येत नव्हतं, ते बाबांच्या आवाजात, चारशे माणसांत, तुझ्यासमोर एकदा वाचलं जावं, एवढाच माझा बेत होता. मी असं लिहिलं होतं:

"शिक्षण अर्धवट सोडलेला नको. रागाच्या भरात सोडलंच असेल तर परत जाऊन पूर्ण करणारा चालेल. मला घाई नाही."

शेवटचं वाक्य दोनदा खोडून परत लिहिलं. आणि तू बहात्तरावर थांबलास.

तो फॉर्म मी आता परत घेतलाय. समितीच्या फाइलमधून, टायपिस्टच्या कॉम्प्युटरमधून, सगळीकडून. नागसेनदादांनाही पुसायला कळवलंय, तुझ्याकडची फाइलही पूस. मग ते वाक्य फक्त या कागदावर उरेल आणि हा कागद तुझ्याकडं आहे. घाई नाही असं लिहिलं होतं तेव्हा नव्हती. आता थोडी आहे. तुमच्या कॉलेजचं नवं सत्र जानेवारीत सुरू होतं, मी चौकशी केली. ते सर अजून तिथंच आहेत. त्यांच्यासमोर जर्नल कसं ठेवायचं ते तू ठरव, पण ठेव. आपटू नकोस.

डबा मिळाला. चटणी फार तिखट आहे, सुलाकाकूंना सांग, आणि आवडली हेही सांग. डब्यात तळाला एक स्क्रू राहिला होता, तो सोबत पाठवतेय. डबा मात्र आता आमच्या फळीवर राहील. पुढच्या खेपेला येशील तेव्हा तुझ्या नावाचं भांडं घेऊन ये. भांड्याच्या दुकानातला माणूस नाव कोरायला बसला की विचारतो, नावापुढं पदवी काय टाकू. त्याला सांगायला काहीतरी घेऊन जा.

शुभदा